समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्र कसा शिकवावा

पहिलीच्या वर्गात मी एकदा समुद्राचे चित्र दाखवत होते. पुढच्या रांगेतली एक मुलगी बराच वेळ त्या निळ्या पाण्याकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "मॅडम, एवढ्या पान्याले पाळ कोनं बांधली जी?" आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले. गावाला मालगुजारीच्या काळातला, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या वेळचा, मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे आणि त्याच्या मातीच्या पाळीवरूनच मुले शाळेत येतात. पाणी एका जागी साठून राहते ते कोणीतरी पाळ बांधली म्हणून, हे त्या मुलीचे पक्के ज्ञान होते आणि तिच्या गावापुरते ते बरोबरही होते. त्या दिवशी माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. पण समुद्र शिकवण्याची सुरुवात कुठून करायची, हे मात्र त्या प्रश्नाने मला कळले. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना थेट समुद्राकडे नेऊ नये; त्यांच्या घरात, तलावात, धानाच्या शेतातल्या बांधीत आणि आठवडी बाजारात समुद्राचे जे काही आधीच येऊन पोचलेले आहे ते त्यांच्या हातात द्यावे आणि तिथून एकेक पाऊल पुढे न्यावे. पुढे लिहिलेली पद्धत अंगणवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. शिक्षकांना ती वर्गात वापरता येईल आणि आईवडिलांना घरीही.

घरात आलेला समुद्र

पहिल्या दिवशी मुलांना काहीही सांगू नये, फक्त वस्तू जमवाव्यात. खड्याचे मीठ प्रत्येक घरात असते. कवड्या जुन्या खेळाच्या डब्यात किंवा देवीच्या माळेत सापडतात. शिंपले कोणाकडे तरी असतातच. देवघरातला शंख शाळेत आणायला लावू नये, तो घरीच पाहून यायला सांगावे. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेस नावाची पांढरी, हलकी, बोटाने खरवडली तर भुकटी होणारी वस्तू मिळते, तिचा एक तुकडा आणावा. नावामुळे अनेक मोठ्या माणसांनाही तो वाळलेला फेस वाटतो. प्रत्यक्षात ते माकूल जातीच्या एका समुद्री प्राण्याच्या शरीरातले आधाराचे कवच असते. त्याच्या आत बारीक पोकळ्या असतात आणि त्यांतील पाणी कमीजास्त करून तो प्राणी पाण्यात हवा तसा वरखाली होतो. हा तुकडा पाण्याच्या वाटीत टाकला की तरंगतो, आणि दगडासारखी दिसणारी वस्तू तरंगताना पाहिली की मुले आपोआप प्रश्न विचारू लागतात.

कवडी हातात दिल्यावर मुलांना एकच काम सांगावे: डोळे मिटून बोट फिरवा. वरची बाजू काचेसारखी गुळगुळीत लागते आणि खालची फट दातेरी लागते. मग विचारावे की समुद्रातल्या खडकांमध्ये राहणाऱ्या या जिवाचे घर बाहेरून इतके गुळगुळीत कसे राहिले. मुले तर्क करतात, ते सगळे ऐकून घ्यावेत. उत्तर असे की कवडीतला जीव आपल्या अंगाचा मऊ पडदा त्या फटीतून बाहेर काढून कवचावरून पांघरतो, त्यामुळे कवच झाकलेले राहते आणि त्यावर नवा थर चढत जातो. स्वतःचे घर आतून सारवणारी आई मुलांनी पाहिलेली असते. हा जीव बाहेरूनही सारवतो, एवढे सांगितले की पुरते.

शंख म्हणजेही एका समुद्री गोगलगायीचे घर. पूर्व विदर्भातल्या मुलांना गोगलगाय वेगळी शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत ती सापडते, आणि हात लावला की आत जाऊन दाराला झाकण लावून घेते. एक गोगलगाय पाण्याच्या बादलीत तासभर ठेवावी, मुलांना तिचे झाकण, तिचे शिंगांसारखे अवयव आणि पोटाने सरकणे पाहू द्यावे, आणि नंतर त्याच बांधीत परत सोडावी. ज्याने बांधीतली गोगलगाय नीट पाहिली त्याला शंखातला जीव कसा असेल हे चित्र न दाखवताही कळते, आणि त्या शंखालाही झाकण असते हे ऐकल्यावर त्याला नवल वाटते.

शंख कानाला लावला की समुद्राचा आवाज येतो, असे घरोघरी सांगितले जाते. हे खोडून काढायचे असेल तर व्याख्यान देऊ नये. पितळेचा रिकामा तांब्या कानाला लावायला सांगावा. तसाच आवाज येतो. आजूबाजूच्या बारीक आवाजांपैकी काही त्या पोकळीत घुमून मोठे होतात, म्हणून तो घुमारा ऐकू येतो. माझ्या वर्गात यानंतर आठवडाभर डबे, गडवे आणि पेले कानाला लावण्याचा खेळ चालला होता. तो मी मुद्दाम चालू दिला.

आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या दुकानात बोंबील आणि जवळा असतात. ज्या घरांत मासळी खाल्ली जाते तिथल्या मुलांना हा समुद्राचा सर्वांत ओळखीचा पुरावा आहे. गुजरात आणि उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर पकडलेले बोंबील उन्हात बांबूंच्या मांडवावर वाळत घालतात आणि ते आपल्या बाजारापर्यंत येतात. जवळ्याचे चार दाणे पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहायला द्यावेत. दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, बाकदार पाठ, धाग्यासारखे पाय. आणि मग कोणीतरी म्हणतेच की हे तर आपल्या तलावातल्या झिंग्यांसारखे आहे. बरोबर आहे, ते एकाच नात्यातले आहेत. वर्गात माळकरी किंवा शाकाहारी घरची मुले असतील तर मात्र ही वस्तू त्यांच्या हातात देण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी मीठ, कवडी आणि शिंपला भरपूर आहेत.

आपले पाणी जाते कुठे

दुसरी पायरी नदीची. ही जुलै-ऑगस्टमध्ये करावी, कारण तेव्हा नाल्याला पाणी असते आणि मुलांना ते वाहताना दिसते. शाळेच्या अंगणात फक्कीने मोठा नकाशा काढावा आणि त्यावर निळ्या दोऱ्याने नद्या मांडाव्यात. आमच्या भागातले पाणी वैनगंगेला मिळते. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वैनगंगा आणि वर्धा एकत्र येतात आणि तिथून पुढे त्या नदीला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. यवतमाळकडची पैनगंगाही वर्धेतून याच वाटेने जाते. अकोल्याच्या बाजूचे पाणी मात्र पूर्णेत उतरते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. म्हणजे एकाच विदर्भाचे पाणी दोन समुद्रांना जाते. मध्य प्रदेशात मुलताई येथे तापीचा उगम आहे आणि वर्धा नदीही त्याच बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरातच उगम पावते. जवळजवळ जन्मलेल्या दोन नद्यांपैकी एक पश्चिमेला आणि दुसरी पूर्वेच्या समुद्राला कशी गेली, ही गोष्ट मुले पुन्हा पुन्हा ऐकायला मागतात, कारण तिच्यात दोन बहिणींची वाट वेगळी होते.

नकाशा मांडून झाल्यावर प्रत्येक मुलाने नकाशातल्या आपल्या गावावर उभे राहावे आणि दोऱ्यावरून चालत समुद्रापर्यंत जावे. वाटेत लागणाऱ्या नद्यांची नावे त्याने मोठ्याने म्हणावीत. पाठांतर असे पायांनी झाले की विसरत नाही.

परतीची वाटही त्याच दिवशी सांगावी. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ढग होतात, वारा ते ढग जमिनीवर आणतो. विदर्भात पडणारा पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांनी आणि बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या वाऱ्यांनी, दोन्हीकडून येतो आणि उपसागरात तयार होणारा कमी दाबाचा पट्टा सरकत आला की आपल्याकडे रोवणीचा, म्हणजे धानाच्या लावणीचा, जोरदार पाऊस होतो. ज्या मुलांच्या घरी रोवणीसाठी आभाळाकडे डोळे लागलेले असतात त्यांना समुद्र दूरचा वाटत नाही.

खारट का आणि किती

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे मीठ विरघळवले की त्याच्या जवळपासचे पाणी तयार होते. प्रत्येक मुलाच्या जिभेवर त्याचा एकच थेंब द्यावा, घोट नव्हे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाणपट्ट्यातली मुले लगेच म्हणतील की आमच्या विहिरीचे पाणीही खारे लागते. त्यांचा अनुभव मान्य करावा आणि दोन्हींतला फरक त्यांनाच शोधायला सांगावा.

समुद्रात मीठ आले कुठून, हे उन्हाळ्यात शिकवावे. तयार केलेले खारे पाणी पसरट ताटलीत ओतून छपरावर ठेवावे. आपल्या एप्रिलच्या उन्हात एक-दोन दिवसांत पाणी उडून जाते आणि ताटलीत पांढरे खडे उरतात. मग सांगावे की नद्या दगड-मातीतले क्षार थोडेथोडे विरघळवून समुद्रात नेतात, समुद्रातले पाणी वाफ होऊन निघून जाते पण क्षार मागेच राहतात, आणि हे कोट्यवधी वर्षे चालू आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने झाले असले तरी त्याच्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून तिथेही क्षार साठत गेले. शाळेची सहल लोणारला जाणार असेल तर या धड्याला ती फार उपयोगी पडते. मात्र लोणारचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक अल्कधर्मी आहे आणि त्यात मासे नाहीत, हे स्पष्ट सांगावे, नाहीतर मुले लोणारलाच छोटा समुद्र समजतात.

या धड्यात एक चूक वारंवार होते. मिठाच्या पाण्यात अंडे तरंगते हा प्रयोग दाखवून शिक्षक सांगतात की समुद्रात असेच होते. सहा चमच्यांच्या पाण्यात ताजे अंडे टाकून पाहावे; ते बुडते. ते वर येण्यासाठी लिटरमागे वीस-बावीस चमच्यांच्या आसपास मीठ लागते, म्हणजे समुद्राच्या तिपटीहून अधिक. मुलांसमोर चमचे मोजत जावे आणि कोणत्या चमच्याला अंडे हलले ते फळ्यावर लिहावे. अंडे जुने असेल तर ते आधीच तरंगू लागते, म्हणून ताजेच घ्यावे.

प्राणी थोडेच निवडावेत

पुस्तकात पन्नास प्राण्यांची चित्रे असतात आणि मुले ती नावे पाठ करतात. माझ्या मते लहान मुलांना वर्षात चार-पाच समुद्री प्राणी पुरेत, पण प्रत्येकाची ओळख तलावातल्या किंवा गोठ्यातल्या एखाद्या जिवाच्या शेजारी ठेवून करून द्यावी.

देवमाशासाठी म्हैस घ्यावी. म्हैस तलावात डुंबते तेव्हा तिचे सगळे अंग पाण्यात असते आणि नाकपुड्या तेवढ्या वर असतात, कारण तिला हवा लागते. ती पिलाला दूध पाजते. देवमासाही असाच आहे: नाव मासा असले तरी तो मासा नाही, त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसे आहेत, श्वासासाठी त्याला वर यावे लागते, आणि मादी पिलाला दूध पाजते. तलावातला रोहू शेपूट डावी-उजवीकडे हलवतो आणि देवमासा वर-खाली हलवतो. हा फरक मुलांनी हाताच्या पंजाने करून दाखवावा. निळा देवमासा 30 मीटरपर्यंत लांब वाढतो. आम्ही तेवढी दोरी मैदानात अंथरली आणि पहिली ते चौथीची 22 मुले एकाच्या पायाशी दुसऱ्याचे डोके अशी तिच्याकडेने झोपली, तरी तीन-चार हात नव्हे तर चांगली दोन माणसे मावतील एवढी दोरी उरली. त्याचे वजन 100 टनांहूनही जास्त भरते, म्हणजे दोनशे म्हशींपेक्षा अधिक. एवढा मोठा जीव खातो काय, असे विचारल्यावर मुले "माणसं", "मोठे मासे" असे सांगतात. तेव्हा तोच जवळ्याचा कागद पुन्हा पुढे ठेवावा. निळा देवमासा क्रिल नावाचे, असेच दिसणारे बारीक जीव पाण्यासकट तोंडात घेतो आणि पाणी गाळून टाकतो.

कासवासाठी तलावातले कासव आठवावे. त्याच्या पायांना नखे आणि बोटे असतात, ते पाय आत ओढून घेते. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे चपटे झालेले असतात आणि ते त्याला कवचात ओढता येत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या मदतीने या घरट्यांचे रक्षण सुरू केले. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात आणि अंधारात जिकडे जास्त उजेड दिसतो तिकडे चालू लागतात, कारण रात्री समुद्राच्या बाजूचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते.

याचा खेळ करावा. वर्गाच्या खिडक्या लावून फक्त एक दार अर्धे उघडे ठेवावे, तो समुद्र. मुलांनी मागच्या भिंतीपाशी अंग चोरून बसावे आणि टाळी वाजली की रांगत उजेडाकडे जावे. दुसऱ्या वेळी ती निम्म्या वाटेवर असताना मागच्या कोपऱ्यात मोबाईलचा टॉर्च लावावा. काही मुले थबकतात, काही सरळ वळतात. किनाऱ्यावरच्या घरांच्या आणि दुकानांच्या दिव्यांनी पिलांचे हेच होते, हे त्या क्षणी सांगावे. आधी सांगितले तर खेळाचा उपयोग राहत नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा टॉर्चकडे गेला होता, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने विचारले की त्या पिलाला परत कोण नेते. वेळासला माणसे नेतात, हे सांगताना मलाही बरे वाटले.

जेलीफिश, तारामासा आणि ऑक्टोपस यांच्यासाठी आपल्याकडे जोडीचा प्राणी नाही, म्हणून ते शेवटी घ्यावेत आणि थोडक्यात घ्यावेत. जेलीफिशला हाडे, मेंदू आणि हृदय यांतले काहीच नसते, तर ऑक्टोपसला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते. मुलांना हे ऐकायला आवडते. पण अशा चमत्कारिक गोष्टींचीच रांग लावली तर समुद्र म्हणजे जत्रेतला तंबू होतो, तेवढे टाळावे.

सर्वांत लहान जीवही विसरू नयेत. उन्हाळ्यात तलावाचे पाणी हिरवे दिसते ते त्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे. समुद्रातही असे डोळ्यांना न दिसणारे वनस्पती प्लवक असतात, बहुतेक सागरी जिवांचे अन्न शेवटी त्यांच्यापासूनच सुरू होते, आणि पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास निम्मा समुद्रातले हे जीव तयार करतात. हिरव्या पाण्याची बाटली उन्हात धरून हे सांगावे.

खोली आणि अंधार

हा भाग तिसरी-चौथीसाठी ठेवावा. दहा मीटर खोल विहीर धरली तर अशा वीस विहिरी एकाखाली एक ठेवल्या म्हणजे 200 मीटर होतात. त्याखाली वनस्पती वाढायला पुरेल एवढा उजेड पोचत नाही. समुद्राची सरासरी खोली सुमारे 3,700 मीटर आहे, म्हणजे तशा 370 विहिरी. विहिरीचे उदाहरण आठवणीतूनच द्यावे, मुलांना काठावर नेऊ नये. तलावावर जाताना मुलांच्या हाताशी पुरेशी मोठी माणसे असावीत आणि पाण्यात कोणी उतरू नये.

पाणी लाल उजेड आधी शोषून घेते आणि निळा उजेड खोलवर जातो. समुद्र निळा दिसण्याचे मुख्य कारण हेच आहे. आकाशाचे प्रतिबिंब हे अपुरे उत्तर आहे. 1921 साली भूमध्य समुद्रातून प्रवास करताना सी. व्ही. रामन यांना हाच प्रश्न पडला होता आणि पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात हे त्यांनी नंतर दाखवले. वर्गात निळ्या जिलेटीन कागदाचे तीन-चार पदर डोळ्यांवर धरावेत आणि समोरच्या मैत्रिणीच्या कपाळावरची लाल टिकली पाहावी. ती काळी दिसते. खोल समुद्रातले अनेक प्राणी लाल रंगाचे का असतात, हे यानंतर मुलेच सांगतात: तिथे लाल म्हणजे काळा, आणि काळा म्हणजे लपलेला. त्याहून खोल, पूर्ण अंधारात, काही मासे काजव्यासारखा स्वतःचा उजेड पाडतात.

पाळीचे उत्तर आणि काही सूचना

त्या मुलीला उत्तर द्यायला मला काही महिने लागले. परातीत एका बाजूला ओल्या मातीचा उंच ढीग थापावा, दुसरी बाजू खोलगट ठेवावी आणि ढिगावर हळूहळू पाणी ओतावे. पाणी ओघळून खोलगट भागात साठते, पाळ कोणीच बांधलेली नसते. जमीन म्हणजे तो ढीग. समुद्राला दुसरा काठ असतो का, हेही मुले विचारतात. असतो. मुंबईहून सरळ पश्चिमेला गेले तर ओमान देश लागतो. गोदावरीच्या मुखापासून सरळ पूर्वेला गेले तर म्यानमार लागतो. काठ आहे, फक्त तो डोळ्यांना दिसण्याइतका जवळ नाही.

प्लॅस्टिकचा विषय पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे भीती घालण्यासाठी आणू नये. नाल्यात टाकलेले खाऊचे पाकीट कोणत्या नद्यांतून जाईल, ते त्यांनाच फक्कीच्या नकाशावर दोऱ्याने दाखवू द्यावे आणि तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी खाद्य वाटू शकते, एवढेच सांगावे.

कोणाचे कुटुंब कोकणात किंवा पुरीला जाणार असेल तर त्यांना प्रवाळ किंवा वाळवलेला समुद्री घोडा विकत आणू नका असे आधीच सांगून ठेवावे, कारण या जिवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आणायचे असेल तर समुद्राचे एक बाटली पाणी आणावे. मागच्या उन्हाळ्यात एका मुलाच्या मामाने असे पाणी आणले. आम्ही ते एका ताटलीत आणि आमचे सहा चमच्यांचे पाणी दुसऱ्या ताटलीत छपरावर ठेवले. दोन्हीकडे खडे उरले. ताटल्या वर्गात आणून ठेवल्या, पहिला पाऊस पडला, आणि दुसऱ्या दिवशी पाहिले तर आमचे मीठ जवळजवळ कोरडे होते आणि समुद्राचे मीठ ओले होऊन चिकटले होते. समुद्राच्या पाण्यात खाण्याच्या मिठाशिवाय मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात, हे मी त्यांना नंतर सांगितले, पण त्याआधी दोन्ही ताटल्या हातात घेऊन, वास घेऊन, बोट लावून मुलांनी फळ्यावर लिहिले होते, "समुद्राचं मीठ वेगळं हाय."